काळ्या मातीत कुत्र्यासाठी कुंपण

घरामागच्या अंगणात कुत्रा मोकळा सोडायचा, म्हणून कुंपण घालायचं ठरलं की पहिला प्रश्न निघतो उंचीचा. चार फूट पुरेल की सहा? वऱ्हाडात हा प्रश्न दुसरा. आधी माती पाहायची.

अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर या पट्ट्यात काळी माती खोलवर आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मे महिन्यात तिच्यात अख्खा हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दर वर्षीच्या या हालचालीत उथळ गाडलेला खांब कलतो, जाळी सैल पडते आणि तिच्या बुडाशी फट तयार होते. कुत्रा उडी मारेल म्हणून आपण वर पाहत राहतो, आणि तो जातो खालून.

म्हणून सहा फुटी कुंपणाचा खांब काळ्या मातीत निदान अडीच ते तीन फूट खोल जायला हवा. खड्ड्यातून निघालेली माती परत त्यातच लोटून पायानं दाबणं ही आपल्याकडची नेहमीची पद्धत, आणि खांब कलण्याचं नेहमीचं कारणही तेच. तळाशी मुरूम टाकून धुमसावा, खांबाभोवती काँक्रीट भरावं आणि काँक्रीटचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता ठेवावा, म्हणजे पाणी खांबाशी साचत नाही. कोपऱ्यांच्या आणि गेटच्या खांबांना तिरपे टेके हवेतच, कारण ताणलेल्या जाळीचा सगळा ओढा त्यांच्यावर येतो. काम दिवाळीनंतर काढावं. तेव्हा जमीन चिखलही नसते आणि तडकलेलीही नसते.

अमरावतीच्या पूर्वेला, वडाळी आणि विद्यापीठाच्या बाजूनं पोहऱ्याच्या टेकड्यांकडे गेलं की चित्र बदलतं. तिथं बऱ्याच ठिकाणी मुरूम वरच लागतो. खड्डा खणायला मजूर कुरकुरतात, पण खांब हलत नाही आणि कुत्र्यालाही सहजी उकरता येत नाही. उलट पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात मातीतला खार लोखंड खातो. तिथं साधी जाळी मातीत गाडली तर ती बुडापासून गंजते, म्हणून खाली विटांची किंवा काँक्रीटची हातभर पट्टी बांधून जाळी तिच्यावर घ्यावी. खर्च वाढतो, पण तो एकदाच होतो.

जिथं अशी पट्टी बांधायची नाही, तिथं उकरणाऱ्या कुत्र्यासाठी एक सोपी युक्ती आहे. जाळीचा खालचा दीड-दोन फुटांचा भाग आतल्या बाजूला वळवून जमिनीवर आडवा पसरायचा, उभ्या जाळीला तारेनं पक्का बांधायचा आणि वर माती किंवा फरशी टाकायची. कुत्रा कुंपणाच्या अगदी बुडाशी उकरतो. नखांना जाळी लागली की दोन फूट मागे सरून तिथून खणावं, हे सहसा त्याला सुचत नाही.

सगळेच कुत्रे पळण्यासाठी उकरतात असंही नाही. पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की ते गार माती शोधतात, आणि अंगणात सावली फक्त भिंतीलगत असेल तर खड्डाही तिथंच पडतो. निंबाखाली, कुंपणापासून दूर, पाण्याचं टाकं आणि ओली रेती ठेवली तर अर्धं उकरणं थांबतं. नर कुत्र्याची भादव्यातली ओढ मात्र वेगळी. ती जाळीनं फारशी आवरत नाही, तिथं नसबंदीचा उपयोग जास्त.

आता जाळीकडे. बोराटीच्या काट्यांची कुपाटी शेतात ठीक. काटेरी तार आणि भिंतीवर रोवलेल्या काचा मात्र कुत्र्याच्या घरी नकोतच. त्या त्याला अडवत नाहीत, फाडतात. चेनलिंक जाळी सगळीकडे मिळते. घेताना गेज विचारावा. इथं आकडा वाढला की तार बारीक होते: 10 गेजची तार सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास, 14 ची दोनच. मोठ्या कुत्र्याला 10 किंवा 12 घ्यावी, आणि पिल्लं असतील तर छिद्र दोन इंचांच्या वर नको. चेनलिंकमध्ये पंजे रोवून काही कुत्रे सरळ वर चढतात. असा कुत्रा असेल तर बारीक छिद्रांची वेल्ड केलेली जाळी बरी. सिमेंटच्या तयार पाट्यांचं कंपाउंड झटपट उभं राहतं, पण काळ्या मातीत खांब सरकले की पाट्यांचे सांधे उघडतात.

उंचीचं उत्तर कुत्र्यावर आहे. सुस्तावलेल्या लॅब्राडोरला पाच फूट बहुधा पुरतात, जर्मन शेफर्ड किंवा चपळ गावठी कुत्र्याला सहा हवेत. रस्त्याकडची भिंत मनाला येईल तेवढी उंच बांधता येत नाही. साधारण नियम असा की भरीव भिंत रस्त्याच्या पातळीपासून दीड मीटर, 2.4 मीटरपर्यंत जायचं तर वरचं 0.9 मीटर जाळीचं, आरपार दिसणारं हवं. कुत्र्यासाठीही हीच रचना सोयीची आहे, कारण खाली भिंत असल्यानं रस्त्यावरची कुत्री दिसत नाहीत आणि दिवसभराचं भुंकणं कमी होतं. भिंतीला टेकून विटांचा ढीग, कूलरचं स्टँड, जुनी टाकी ठेवलेली असेल तर तुमच्या सहा फुटांचे साडेतीनच उरतात.

गेट ही सगळ्यात कच्ची जागा. गेटखाली उंबरठा बांधून फट दोन इंचांच्या आत आणावी, खालच्या तीन फुटांना पत्रा लावावा. वर उचलायची कडी हुशार कुत्रा नाकानं उघडतो. तिच्यात पिन किंवा कुलूप हवं. शक्य असेल तर आत दुसरं छोटं फाटक ठेवावं, म्हणजे दूधवाला आला की कुत्रा रस्त्यावर नाही. सांडपाण्याच्या मोरीलाही गज हवेत. दिवाळीच्या फटाक्यांत घाबरलेला कुत्रा एरवी न जमणारी उडी मारतो, त्या रात्री त्याला घरातच ठेवा.

रोही आणि रानडुकरांसाठी शेतात लावतात तो झटका घराच्या अंगणात लावू नये. घरची वीज थेट तारेत सोडणं तर माणसाच्याही जिवावर बेततं.

आणि अमरावतीकरांसाठी एक वेगळी गोष्ट. विद्यापीठ, वडाळी, पोहरा या बाजूला बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा हे त्याचं आवडतं भक्ष्य. सहा फुटी कुंपण बिबट्याला काहीच नाही. या भागात अंधार पडला की कुत्रा घरात, नाहीतर वरूनही जाळी असलेल्या, छपराच्या बंदिस्त खोलीत.

हे सगळं परवडत नाही म्हणून कुत्र्याला साखळीनं बांधून टाकणं हा पर्याय नव्हे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानुसार प्राण्याला आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तोही. पैसे कमी असतील तर सगळ्या प्लॉटला कच्चं कुंपण घालू नका. मागच्या बाजूला पंधरा बाय वीस फुटांचा तुकडाच पक्का घ्या, सावली आणि पाण्यासह, आणि सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला पट्टा लावून फिरवा.