दारोदार विक्री करणारी मुलं: पगार नाही, पण कर्ज आहे

आजचा विषय अमेरिकेतला. दारावर एक विशीतली मुलगी उभी आहे, मासिकांची वर्गणी किंवा साफसफाईचं लिक्विड विकतेय. म्हणते, जास्त विक्री झाली तर बक्षीस मिळणार आहे. ती आली कुठून, आणि तिला खरंच काय मिळतं?

अशा टोळ्यांना तिथे 'मॅग क्रू' म्हणतात. जाहिरात साधी असते: अनुभव नको, देशभर फिरा, भरपूर कमवा. घरातून बाहेर पडलेली, हातात पैसा नसलेली मुलं हमखास येतात. मग व्हॅनमधून शहरामागून शहर. सकाळी एखाद्या वस्तीत सोडायचं, रात्री उचलायचं आणि स्वस्त मोटेलमध्ये तीन-चार जणांना एका खोलीत झोपवायचं.

आता हिशेब बघा. कमिशन हातात येत नाही, 'खात्यावर' लिहिलं जातं. त्यातून मोटेलचं भाडं, प्रवास, दंड कापायचा. जेवणापुरते थोडे डॉलर रोज मिळतात, तेही खात्यातूनच. विक्री कमी झाली की मुलगा उलट कंपनीचा देणेकरी! 'सोडून जा की' म्हणणं सोपं आहे हो. पण घर हजार मैलांवर, खिशात तिकिटाचे पैसे नाहीत. काहींना तर अनोळखी गावात तसंच सोडून दिलंय.

हे चालतं कसं? १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्‌स कायद्यात फिरत्या विक्रेत्यांना किमान वेतन आणि ओव्हरटाइममधून सूट आहे. शिवाय कंपन्या म्हणतात, ही मुलं आमचे नोकर नाहीतच, 'स्वतंत्र कंत्राटदार' आहेत. क्रू आज या राज्यात, उद्या त्या. तक्रार नोंदवेपर्यंत व्हॅन निघून गेलेली असते.

मार्च १९९९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलजवळ अशीच एक व्हॅन उलटली. आत १४ जण होते, ७ जण गेले. पोलिसांची गाडी दिसल्यावर वैध लायसन्स नसलेल्या चालकाने चालत्या गाडीत जागा बदलायचा प्रयत्न केला होता. गेलेल्या एका मुलीच्या वडिलांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये विस्कॉन्सिनने तिच्या नावाने कायदा केला: क्रूची नोंदणी सक्तीची, कामाच्या अटी लेखी. पण हा कायदा एका राज्याचा, आणि व्हॅनला तर सीमा ओलांडायची सवयच आहे.

२००७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये इयन उर्बिना यांनी यावर सविस्तर लिहिलं. २०१६ चा आंद्रेआ अरनॉल्ड यांचा 'अमेरिकन हनी' हा सिनेमाही याच जगातला.

तिकडे राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांनी काय करावं? दार आपटू नका. पाणी विचारा. 'घरी जायला पैसे आहेत का?' एवढं विचारा. मानवी तस्करीविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे: १-८८८-३७३-७८८८. नंबर चिठ्ठीवर लिहून हळूच द्या, कारण मॅनेजर जवळपास असू शकतो. आणि काही विकत घेतलंच असेल, तर घरी झालेला २५ डॉलर किंवा जास्तीचा सौदा साधारणपणे तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतो.

वर्गणी घ्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. पण तिला 'ठग' म्हणण्याआधी लक्षात ठेवा, बहुतेक वेळा सगळ्यात आधी तीच फसलेली असते. भेटूया पुढच्या भागात!