रविवार पॅरिसचा, पंगत परदेश्यांची

पॅरिसमध्ये ओळखीचं कुणी नाही, फ्रेंच 'बोंजूर'च्या पुढे सरकत नाही आणि रविवारची संध्याकाळ खायला उठली आहे. तब्बल चार दशकं या दुखण्यावर एक हमखास औषध होतं. जिम हेन्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाला फोन करायचा आणि येत्या रविवारी जेवायला येऊ का, असं सरळ विचारायचं. तो नाव लिहून घ्यायचा. ना ओळख, ना शिफारस.

चौदाव्या वॉर्डात, रू द ला तोंब-इस्वार या रस्त्यावर, एका शिल्पकाराच्या जुन्या स्टुडिओत हेन्स राहायचा. दर रविवारी तिथे पन्नास-साठ माणसं जमायची. उन्हाळ्यात गर्दी बाहेरच्या अंगणात सांडायची. कुणीतरी मित्र किंवा मैत्रीण भल्यामोठ्या पातेल्यांत रांधायची, पाहुणे ताटल्या हातात घेऊन उभ्याउभ्या जेवायचे, खर्चाचा वाटा पाकिटात घालून द्यायचे. यजमान स्वयंपाकघराशेजारी उंच स्टुलावर बसलेला, हातात पाहुण्यांची यादी. दोन माणसं शेजारी शेजारी गप्प उभी दिसली की हा तिथूनच दोघांची नावं-गावं पुकारून त्यांची ओळख करून द्यायचा. यादी त्याला जवळजवळ पाठ असायची. पॅरिसवर लिहिणारे कितीतरी परदेशी लेखक, पत्रकार आणि पुढे ब्लॉगर याच खोलीत एकमेकांना पहिल्यांदा भेटले.

सुरुवात झाली ती अगदी सहज. सत्तरच्या दशकाच्या शेवटी एक अमेरिकन नर्तकी त्याच्याकडे मुक्कामाला होती. राहण्याची परतफेड म्हणून तिने त्याच्या मित्रमंडळींसाठी स्वयंपाक केला. पुन्हा केला. पंगत वाढत गेली, आणि मग रविवार कधी चुकलाच नाही म्हणा ना! या घरात जेवून गेलेल्यांचा आकडा लाखाच्या वर धरला जातो.

हेन्सचं आधीचं आयुष्यही काही कमी रंगीत नाही. जन्म १९३३ चा, लुइझियानातल्या गावात, आणि गावाचं नाव हेन्सव्हिल! अमेरिकन हवाई दलाच्या नोकरीत तो स्कॉटलंडला आला आणि रमला. १९५९ मध्ये एडिंबरात त्याने पेपरबॅक पुस्तकांचं दुकान थाटलं. दाराबाहेर गेंड्याचं खरंखुरं मुंडकं टांगलेलं, त्यामुळे पत्ता विचारायची गरजच नव्हती. १९६३ मध्ये तिथलं ट्रॅव्हर्स थिएटर उभं करणाऱ्यांतही तो होता. १९६९ मध्ये पॅरिसला आला, विद्यापीठात शिकवू लागला आणि इथलाच झाला.

त्याची मला सर्वांत आवडणारी करामत मात्र जेवणावळीपेक्षा वेगळी आहे. पूर्व युरोपासाठी त्याने 'पीपल टु पीपल' नावाची प्रवासपुस्तकं काढली. त्यांत ना किल्ले, ना चर्चं, ना हॉटेलं. नुसती माणसं! शेकडो स्थानिक रहिवाशांची नावं, पत्ते, फोन, आवडीनिवडी, येणाऱ्या भाषा. पोलंडला निघालात की पुस्तक उघडा, आपल्या जातकुळीचा माणूस शोधा आणि त्याला पत्र टाका. इंटरनेटवरून अनोळख्यांच्या घरी मुक्काम करण्याची टूम यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. २०२१ च्या जानेवारीत, वयाच्या ८७ व्या वर्षी हेन्स गेला.

रविवार फ्रँकलिनचासुद्धा

पॅरिसमधल्या अमेरिकनांचा रविवार हेन्सच्याही दोनशे वर्षं मागे जातो. बेंजामिन फ्रँकलिन १७७६ च्या डिसेंबरात वयाच्या सत्तरीत फ्रान्सला आला आणि पॅरिसलगतच्या पासी गावात राहू लागला. १७७९ च्या एका पत्रात तो लंडनच्या आपल्या जुन्या घरमालकिणीला कळवतो की, आठवड्याचे सहा दिवस मी बाहेर जेवतो, रविवार मात्र राखून ठेवलेला. त्या दिवशी इकडून जाणारे-येणारे अमेरिकन घरी जेवायला, शिवाय शाळेतून आलेला नातू बेनी आणि त्याच्याबरोबरची अमेरिकन मुलं. या बेनीने मोठेपणी फिलाडेल्फियात स्वतःचं वृत्तपत्र काढलं.

फ्रँकलिन मूळचा छापखानेवाला. पासीच्या घरातही त्याने छापखाना बसवला आणि मित्रमंडळींपुरते छोटे खुसखुशीत लेख छापून वाटायला लागला. १७८० च्या एका लेखात त्याचा संधिवातच त्याला झापतो की, चालायला जायचं सोडून बुद्धिबळ काय खेळत बसतोस! बुद्धिबळाचं वेड खरंच होतं. शेजारच्या मादाम ब्रियाँ झाकलेल्या टबात स्नान करत होत्या आणि त्याच खोलीत फ्रँकलिन आणखी एका शेजाऱ्याशी रात्री उशिरापर्यंत पट मांडून बसला होता. घरी परतल्यावर त्याने बाईंना माफीची चिठ्ठी पाठवली. स्वतः लिहायचं, स्वतः छापायचं, वाचक ओळखीतले आणि विषय आपलंच दुखणं. पॅरिसचा पहिला परदेशी ब्लॉगर म्हणून माझं मत फ्रँकलिनला.

शनिवार कुणाचा, शुक्रवार कुणाचा

अमेरिकन लेखिका गर्ट्रूड स्टाइनच्या घरचा शनिवार तर जगप्रसिद्ध. तो ठरला कसा? २७, रू द फ्लेर्यूस या पत्त्यावर भिंतीभर मातिस, सेझान, पिकासो. ती चित्रं बघायला लोक वेळी-अवेळी दार ठोठवायचे. लिहिण्यात सारखा मोडता. शेवटी बाईंनी वार लावून दिला, यायचं ते शनिवारी संध्याकाळी! दारात एक ठरलेला प्रश्न असायचा, तुम्हाला कुणी पाठवलं? यायला मनाई कुणालाच नव्हती, प्रश्न मात्र चुकायचा नाही. आत गेल्यावर लेखक-चित्रकार स्टाइनपाशी आणि त्यांच्या बायका स्टाइनबाईंची जोडीदारीण ॲलिस टोकलास हिच्यापाशी, अशी वाटणी.

या टोकलासबाई पुढे स्वतः लेखिका म्हणून गाजल्या. १९५४ मध्ये त्यांचं पाककृतींचं पुस्तक निघालं. चित्रकार ब्रायन गायसिनने त्यांना मिठाईची एक कृती पाठवली होती आणि तिच्यात चक्क भांग होती. ब्रिटिश आवृत्तीत ती छापली गेली, अमेरिकन प्रकाशकाने घाबरून गाळली. गाळल्यामुळेच गाजली.

शुक्रवार होता अमेरिकन लेखिका नॅटली बार्नीचा, २०, रू जाकोब इथे, आणि तो सुमारे साठ वर्षं चालला. बागेत ग्रीक धर्तीचं छोटंसं मैत्रीचं मंदिर, चहाबरोबर काकडीचे सँडविच.

मद्यप्रेमींसाठी वार नव्हताच. १९११ मध्ये न्यूयॉर्कमधला एक बार लाकडी सामानासकट सुटा करून जहाजाने पॅरिसला आणला आणि पाच, रू दोनू इथे जोडला. हाच हॅरीज न्यूयॉर्क बार. फ्रेंच न येणाऱ्या गिऱ्हाइकांनी टॅक्सीवाल्याला पत्ता सांगायचा कसा? जाहिरातीतच इंग्रजी उच्चाराप्रमाणे लिहून दिलं, 'सँक रू डो नू'. हे नुसतं वाचलं की गाडी दारात. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी इथले अमेरिकन गिऱ्हाईक १९२४ पासून लुटुपुटीचं मतदान करतात.

पुस्तकाच्या दुकानात झोपायचं

सिल्व्हिया बीच या अमेरिकन बाईने १९१९ मध्ये 'शेक्सपिअर अँड कंपनी' हे दुकान काढलं. ते पुस्तकांचं दुकानही होतं आणि वर्गणीचं वाचनालयही. तरुण हेमिंग्वे पहिल्यांदा आला तेव्हा अनामत भरायला खिशात पैसे नव्हते. बाईंनी त्याला तशीच पुस्तकं दिली. तिथली सभासदांची कार्डं प्रिन्स्टन विद्यापीठाने जपली आहेत, त्यामुळे हेमिंग्वेने केव्हा कोणतं पुस्तक नेलं हे आज कुणालाही बघता येतं. जेम्स जॉइसची 'युलिसिस' ही कादंबरी कुणी छापेना, तेव्हा ती याच दुकानदारीणबाईंनी छापली. छापखाना दिजाँचा, खिळे जुळवणाऱ्यांना इंग्रजीचा गंध नाही. २ फेब्रुवारी १९२२ हा जॉइसचा चाळिसावा वाढदिवस. त्या सकाळी पहिल्या दोन प्रती दिजाँहून रेल्वेने आल्या आणि बीचबाई भल्या पहाटे स्टेशनवर हजर होत्या.

ते दुकान जर्मनांच्या अमलात, १९४१ मध्ये बंद झालं. आज नोत्र दामसमोर, नदीच्या पलीकडे दिसतं ते त्याच नावाचं दुसरं. जॉर्ज व्हिटमन या अमेरिकनाने १९५१ मध्ये ते वेगळ्या नावाने सुरू केलं आणि १९६४ मध्ये बीचबाईंच्या दुकानाचं नाव त्याला दिलं. तरुणपणी व्हिटमन मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत पायी भटकला होता. युकातानमध्ये तो आजारी पडला तेव्हा माया लोकांनी त्याची शुश्रूषा केली. ते ऋण त्याने दुकानात फेडलं. पुस्तकांच्या कपाटांमध्ये बाकं. दिवसा त्यांच्यावर गिऱ्हाईक बसणार, रात्री लिहिणारी पोरं झोपणार. भाडं नाही. अटी तीन: रोज एक पुस्तक वाचायचं, दुकानात थोडं काम करायचं आणि जाताना आपलं चरित्र एका पानात लिहून द्यायचं. अशी सुमारे तीस हजार माणसं तिथे राहून गेली. पुण्यात गरीब विद्यार्थी घरोघरी वार लावून जेवत आणि शिकत, त्याच्या जवळ जाणारं काही मला युरोपात दिसलं असेल तर ते हेच.

रविवारी दुपारी वरच्या मजल्यावर चहा. म्हातारा यजमान कसा होता? केस वाढले की तो न्हाव्याकडे जायचा नाही. मेणबत्ती पेटवून केसांना लावायचा, केस भुरुभुरु जळायचे आणि मग हाताने थोपटून विझवायचा. हे दृश्य माहितीपटात चित्रित झालेलं आहे. वयाची ९८ वर्षं पूर्ण करून दोन दिवस झाले आणि १४ डिसेंबर २०११ रोजी तो गेला. दुकान आता मुलगी सिल्व्हिया चालवते. बीचबाईंचंच नाव बापाने लेकीला दिलेलं.

सगळ्यांचंच पॅरिस इतकं गोड नव्हतं, हेही सांगायला हवं. अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन १९४८ मध्ये जेमतेम चाळीस डॉलर घेऊन उतरला. पुढच्या वर्षी एका ओळखीच्याने हॉटेलातून उचललेली चादर त्याच्या खोलीत सापडली आणि तो नाताळात आठ दिवस तुरुंगात बसला. त्यावर त्याने लिहिलेला निबंध आजही अंगावर येतो. आपल्या मादाम कामांचं पॅरिस तर वनवासाचंच. मुंबईत जन्मलेल्या या बाईने १९०९ मध्ये 'बंदे मातरम्' हे पत्र काढलं. छपाई जिनिव्हात, धाडायचं हिंदुस्थानात. त्याच्या थोडं आधी पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजे आपले सेनापती बापट, याच शहरात रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या शिकत होते. घरापासून दूर बसून घरासाठी लिहिणाऱ्यांच्या यादीत कामाबाईंना मी फार वर ठेवीन.

कीबोर्डवाली पिढी

एकविसाव्या शतकात 'पॅरिसचं पत्र' ब्लॉग झालं. कॅथरिन सँडरसन ही ब्रिटिश सेक्रेटरी २००४ पासून 'पेतित आंग्लेझ' या नावाने लिहायची. स्वतःचं नाव नाही, कंपनीचं नाव नाही. तरी २००६ मध्ये कंपनीने तिला काढून टाकलं. ती लवादात गेली, २००७ मध्ये जिंकली आणि भरपाई मिळाली सुमारे ४४ हजार युरो. वर पुस्तकाचा करारही झाला!

डेव्हिड लेबोविट्झचा ब्लॉग १९९९ चा, म्हणजे ब्लॉग हा शब्द घरोघरी पोचायच्या आधीचा. कॅलिफोर्नियातल्या नामांकित रेस्टॉरंटात वर्षानुवर्षं गोड पदार्थ केल्यावर तो २००४ मध्ये पॅरिसला आला. आपण पॅरिसकर झालो हे त्याला कधी उमगलं? नुसता कचरा टाकायला खाली जायचं होतं आणि त्यासाठी तो नीट कपडे बदलत होता तेव्हा!

अशा मंडळींचा शनिवार-रविवार जमला की गप्पांचा पहिला तास कागदपत्रांत जातो. घर भाड्याने हवं तर बँकेचं खातं दाखवा, खातं उघडायचं तर घराचा पुरावा दाखवा. या चक्रातून कोण कसं सुटलं, याच्या कहाण्या प्रत्येकाकडे असतात. मग येतात खाण्या-फिरण्याच्या टिपा. हॉटेलात बाटली मागवू नका, 'काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ऑर्से संग्रहालय फुकट. ऑगस्टमध्ये पाव कुठे मिळतो हे आधी हेरून ठेवा, कारण सुटीला कुणी कधी जायचं याचं बेकऱ्यांवरचं सरकारी बंधन २०१५ मध्ये उठलं.

पावावर तर वादाला तोंड फुटतंच. पॅरिसच्या सर्वोत्तम बगेतची स्पर्धा १९९४ पासून दरवर्षी होते आणि जिंकणारा बेकर वर्षभर राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पाव पुरवतो. २०२३ चा विजेता मूळचा श्रीलंकेचा तमिळ. फ्रान्सला आल्यावर तो हा धंदा शिकला. पुढच्याच वर्षी ऑलिंपिकची ज्योतही त्याच्या हातात होती.

त्याच्याच देशबांधवांनी पॅरिसला एक रविवार असा दिला आहे, जो कुठल्याही मराठी माणसाने चुकवू नये. ला शापेल भागात, रू पाजोलवर माणिक्क विनायगर मंदिर आहे. १९९६ पासून उन्हाळा संपता संपता, बहुधा ऑगस्टअखेरच्या रविवारी, तिथून गणपतीचा रथ निघतो. रथाचे दोर भाविक ओढतात, बाया डोक्यावर कापूर पेटलेली मडकी घेऊन चालतात आणि रस्त्यावर जागोजागी नारळांचे ढीग रचलेले असतात. रथ आला की ते धडाधड फुटतात आणि डांबरी रस्त्यावरून नारळपाण्याचा ओहोळ वाहतो. कॅमेरे घेतलेले अमेरिकन, प्रसादाच्या रांगेतले फ्रेंच, फुटपाथवर सरबत वाटणारे तमिळ दुकानदार, सगळे एकाच गर्दीत. जायचं असेल तर ला शापेलच्या मेट्रो स्टेशनवर सकाळी लवकर उतरा, आणि चपला जुन्या घाला.