महाकाय शिंपला : हौस आणि जबाबदारी

घरगुती प्रवाळ मत्स्यालयातील महाकाय शिंपला (ट्रायडॅक्ना) हा एका अर्थाने शेतकरीच आहे. त्याच्या रंगीत प्रावारात सूक्ष्म शैवाले वाढतात आणि त्यांनी प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेल्या अन्नावर त्याचे बरेचसे पोषण होते. म्हणून त्याला तीव्र प्रकाश आवश्यक असतो. पाण्याचे तापमान सुमारे 25 ते 27 अंश सेल्सियस, लवणता दर हजारी 35 आणि कवचासाठी कॅल्शियम लिटरमागे 400 ते 450 मिलिग्रॅम असे स्थिर राखावे. पाण्यातील नायट्रेट पूर्णतः काढून टाकू नये. शैवालांना ते खतासारखे लागते. सावली पडूनही शिंपला मिटत नसल्यास त्याची प्रकृती बिघडली असे समजावे.

लक्षद्वीप व अंदमानच्या प्रवाळभित्तींवर आढळणारा ट्रायडॅक्ना मॅक्झिमा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित असून तो समुद्रातून काढणे वा विकणे गुन्हा आहे. हे शिंपले अंडी व शुक्राणू पाण्यात सोडतात. प्रौढ शिंपले विरळ झाल्यास फलन घटते. अशी भित्ती पुन्हा भरण्यास दीर्घ काळ लागतो. पलाऊसारख्या बेटांवर या शिंपल्यांचे बीजोत्पादन केले जाते. विक्रेत्याकडे संवर्धन केंद्राचा दाखला व वैध परवाना नसल्यास खरेदी टाळावी.