मुगाला खाली कळतं कसं?

गणपतीच्या मूर्तीमागचं चक्र फिरवणारी मोटर विसर्जनानंतर मी माळ्यावर टाकली नाही. दांडा आडवा राहील अशी टेबलाच्या कडेला घट्ट बांधली आणि दांड्यावर एक चपटी पारदर्शक डबी चिकटवली. आत ओला टीपकागद आणि रात्रभर भिजवलेले बारा मूग, हलणार नाहीत असे दाबून बसवलेले. तशीच दुसरी डबी शेजारी उभी ठेवली, न फिरणारी.

दुसऱ्या दिवशी स्थिर डबीतला प्रत्येक मोड, दाणा कसाही बसलेला असो, वळसा घेऊन खाली निघाला होता. ती डबी काटकोनात वळवली, तर संध्याकाळपर्यंत सगळी टोकं पुन्हा जमिनीकडे वाकली. फिरत्या डबीत मात्र एक मोड वर, एक तिरका, एक कागदावर नागमोडी. जोम तोच, पण वाट सापडत नव्हती. मला ते बघून गलबलून आलं.

मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात. ते ज्या बाजूला बसतात, ती मुळाची खालची बाजू. डबी फिरत राहिली की कणांना बसायला उसंतच मिळत नाही. अंतराळ स्थानकातही त्यांची हीच गत होते. तिथे, ४०० किलोमीटर उंचीवर, गुरुत्वाकर्षण जवळपास ९० टक्के शिल्लक असतं. पण स्थानक आणि आतलं सगळं एकत्रच पडत असतं, म्हणून कणांना तळच उरत नाही. पाणीही निथळत नाही, मुळाला लपेटून त्याची हवा कोंडतं. २०२५च्या जून-जुलैत भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी तिथे मूग आणि मेथी रुजवली, ती धारवाडच्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगासाठी.

आपल्या आतल्या कानातही असेच कण आहेत, कॅल्शियमचे सूक्ष्म स्फटिक. वजनच नाहीसं झालं की त्यांचा निरोप डोळ्यांशी जुळत नाही आणि अनेक अंतराळवीरांना पहिले काही दिवस मळमळतं. ते सरतं. हाडांचं तसं नाही. भार नसला की शरीर हाडातलं कॅल्शियम सोडू लागतं. कमरेच्या आणि खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला १ ते १.५ टक्क्यांनी उतरते. म्हणून तिथे रोज सुमारे दोन तास व्यायाम करावाच लागतो, धावतानाही पट्ट्यांनी स्वतःला खाली ओढून धरत.

घरात अशी मोटर असेल, तर मुलांना घेऊन हे जरूर करून बघा. दांडा मात्र आडवाच ठेवा. उभ्या दांड्यावर फिरवलेल्या मुगाला खाली कुठे ते बरोबर कळतं.