‘वारं गेलं’ म्हणत थांबू नका, आधी घड्याळ बघा

अंबरपेठ (हैदराबाद) : तोंड एका बाजूला वाकडं होणं, उचललेला एक हात खाली घसरणं, जीभ अडखळणं. यातलं एकही अचानक दिसलं तर तो पक्षाघात असू शकतो. आपल्याकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात आणि मालिश-अंगाऱ्यात निम्मा दिवस जातो. वारं कसलं? मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते. मोठी वाहिनी तुंबली तर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून. म्हणून माणूस शेवटचा धड कधी दिसला होता, ती वेळ लिहून ठेवा. दवाखान्यात आधी तेच विचारतात. घरातली अ‍ॅस्पिरिन देऊ नका. वाहिनी फुटली असेल तर रक्तस्राव वाढायचा. पाणीसुद्धा नको, ठसका लागतो.

दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी घरी बसू नका, तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

सीटी स्कॅन नसलेल्या गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये वेळ घालवण्यापेक्षा 108 लावा. ही सेवा 2005 साली हैदराबादेतच सुरू झाली. महाराष्ट्र, कर्नाटकातही नंबर तोच. नांदेडच्या गाडीने काचीगुड्याला उतरलेल्या पाहुण्यांनाही सांगून ठेवा.