छिद्र लहान, ऑपरेशन तेवढंच

अपेंडिक्स ‘दुर्बिणीतून’ काढायचं ठरलं की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो, जणू ऑपरेशनच टळलं. कुणी ते लेझरने होतं असं सांगतं, कुणी भूल लागत नाही म्हणतं. दोन्ही चूक, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच सवय: ऑपरेशन केवढं ते आपण कातडीवरच्या जखमेवरून ठरवतो. दुर्बिणीमुळे लहान होते ती फक्त आत शिरायची वाट. रुग्णाला पूर्ण भूल देतात. बेंबीपाशी जेमतेम सेंटीमीटरभर छेद घेऊन कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवतात, कारण पोटाची भिंत आतड्यांपासून उचलल्याशिवाय कॅमेऱ्याला काही दिसत नाही. मग बहुधा आणखी दोन छिद्रांतून अवजारं घालून अपेंडिक्सची रक्तवाहिनी बंद करतात, बुडाशी दोऱ्याचे फास आवळतात आणि कापलेला भाग बाहेर काढतात. पोट उघडून करतानाही रक्तवाहिनी तीच, बूडही तेच. नंतर खांदा दुखला की नातेवाईक घाबरतात. गॅसमुळे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटलाचा पडदा चुरचुरतो, आणि त्याच्या व खांद्याच्या संवेदना मानेतल्या त्याच मज्जामुळांतून जातात, म्हणून दुखतो खांदा. एकदोन दिवसांत ते दुखणं थांबतं. छातीत दुखलं किंवा दम लागला तर मात्र लगेच सांगायला हवं.

याच्या अगदी उलट बोलणारेही भेटतात: हे बिल वाढवायचं फॅड आहे. फॅड म्हणावं इतकं ते नवं नाही. जर्मनीतल्या कील शहरात कुर्ट सेम यांनी १९८० साली दुर्बिणीने अपेंडिक्स काढलं. ते स्त्रीरोगतज्ज्ञ होते, आणि तिथल्या शल्यविशारदांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. पुढे दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या डझनावारी चाचण्या झाल्या. दुर्बिणीच्या रुग्णांत जखम चिघळण्याचं प्रमाण कमी, घरी आणि कामावर परतणं लवकर. पण मोठ्या माणसांत पोटाच्या आत पू साठण्याचं प्रमाण थोडं जास्त आढळलं. म्हणजे शंका घेणारे अगदीच वेडे नव्हते. सडपातळ तरुणाला होणारा फायदा बेताचाच. लठ्ठ माणसाला तो जास्त, कारण चरबीच्या थरातून जायला एरवी मोठा छेद लागतो. तरुण स्त्रीच्या बाबतीत तर उजवीकडचं दुखणं बीजकोशाचंही असू शकतं, आणि कॅमेरा ते दाखवतो. खर्चाचा आक्षेप मला रास्त वाटतो. तालुक्याच्या गावी दुर्बीण नसेल आणि सर्जन कुशल असेल, तर तिच्यासाठी अपेंडिक्स फुटेपर्यंत गाडीत बसून राहणं शहाणपणाचं नाही.

उरतो सर्वांत त्रासदायक गैरसमज: दुर्बिणीने सुरू करून पोट उघडावं लागलं, म्हणजे डॉक्टरांचा हात चुकला. अपेंडिक्स फुटलेलं असतं, आतडी एकमेकांना चिकटून गोळा झालेला असतो, बूड सडल्याने फास धरत नाही किंवा रक्तस्राव आवरत नाही. अशा वेळी छिद्रांचा हट्ट धरणाऱ्या सर्जनपेक्षा सुरी हातात घेणारा बरा. किती दिवस झोपून राहायचं हेसुद्धा बरंचसं आतल्या पुवावर ठरतं. फुटलेल्या अपेंडिक्सचा रुग्ण तीन छिद्रं घेऊनही दुसऱ्या दिवशी घरी जाईलच असं नाही. पोट उघडावं लागण्याची शक्यता संमतिपत्रात लिहिलेली असते. सही करण्याआधी ती ओळ वाचावी, आणि आपल्या रुग्णाच्या बाबतीत ती कितपत लागू आहे, हे सर्जनला तेव्हाच विचारावं.