क्लबमधला दादा आणि त्याचा डीबीएस

आज क्रिकेटबद्दल बोलायचंय, पण स्कोअरबद्दल नाही.

मी सध्या कामानिमित्त इंग्लंडमध्ये आहे. दर शनिवारी एका क्लबात लहान पोरांना क्रिकेट शिकवायला मदत करीन म्हणून नाव दिलं. काम फुकट, चहासुद्धा आपलाच. तरी पहिला प्रश्न आला, "डीबीएस झालंय का?"

डीबीएस म्हणजे डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस. २०१२ साली सुरू झालेली ही सरकारी संस्था मुलांसोबत काम करणाऱ्यांचा गुन्हेगारी रेकॉर्ड तपासते. स्वयंसेवकाला त्याची सरकारी फी पडत नाही. क्लबात लागते ती सहसा 'एन्हान्स्ड' तपासणी. तिच्यात झालेल्या शिक्षा तर दिसतातच, पण शिक्षा झालेली नसतानाही स्थानिक पोलिसांकडे कामाशी संबंधित काही माहिती असेल, तर तीही येऊ शकते.

आता हे जरा अन्यायाचं वाटतं ना? गुन्हा सिद्ध नाही, तरी कागदावर? मलाही वाटलं. मग सोहमची केस वाचली. (स्पेलिंग आपल्या सोहमचंच, पण हे केंब्रिजशायरमधलं गाव आहे.) ऑगस्ट २००२ मध्ये तिथे दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयन हंटली हा तिथल्याच शाळेचा केअरटेकर. दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध आधी लैंगिक गुन्ह्यांच्या अनेक तक्रारी आल्या होत्या, पण एकातही शिक्षा नव्हती. ती माहिती शाळेपर्यंत पोचलीच नाही. २००४ च्या बिचार्ड चौकशी अहवालात हेच बाहेर आलं आणि २००६ मध्ये नवा कायदा झाला.

कोड लिहिणाऱ्यांना पटकन कळेल: नल आणि फॉल्स एकच धरलं की प्रोग्राम गंडतो. 'रेकॉर्ड सापडला नाही' म्हणजे 'माणूस सुरक्षित आहे' असं नाही. माझंच बघा. माझा डीबीएस कोरा आला. येणारच होता! परदेशातले रेकॉर्ड त्यात सहसा दिसत नाहीत, आणि मी तर इथे आत्ताच आलोय. म्हणून माझ्यासारख्याकडे भारतातलं पोलीस क्लिअरन्सही मागितलं, तर चिडण्यात अर्थ नाही. शिवाय डीबीएसला एक्सपायरी डेट नसते. तो दिला त्या दिवसापुरताच खरा.

आपल्याकडे काय? २०२० च्या पॉक्सो नियमांत स्पोर्ट्स अकादमीचं नाव घेऊन लिहिलंय की मुलांच्या संपर्कात येणाऱ्या स्टाफची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायलाच हवी, अगदी कंत्राटी माणसाचीसुद्धा. चांगली गोष्ट आहे. पण भाषा स्टाफ आणि कर्मचाऱ्यांची आहे. रविवारी मैदानावर फुकट कबड्डी शिकवणारा गल्लीतला दादा त्यात येतो का, हे स्पष्ट नाही. आणि आपल्याकडे बराचसा खेळ अशा दादांच्याच जिवावर चालतो. लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस २०१८ पासून आहे, पण तो फक्त तपास यंत्रणांना बघता येतो. मंडळाच्या हातात उरतं ते पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र. दादाने स्वतः अर्ज करून आणायचं.

त्यामुळे धाकट्या भावंडाला समर कॅम्पला घालताना फीबरोबर एवढं विचारा: शिकवणाऱ्यांची पडताळणी झालीय का, कधी झाली, आणि बाहेरगावच्या मॅचला मुलांबरोबर मुक्कामाला कोण कोण असतं? एकटाच कोच असेल, तर दुसरं मोठं माणूस सोबत द्या म्हणावं, प्रमाणपत्र असलं तरी.